आरएच निगेटिव्ह आईचं बाळंतपण : अँटी-डी, कूम्ब्स चाचणी आणि दोन राज्यांची दोन कार्डं

मलप्रभेकाठी

सासर चंदगडला, माहेर खानापूरला. नाव नोंदवलं महाराष्ट्रात, सातव्या महिन्यात ओटी भरली आणि बाळंतपणाला पोर माहेरी कर्नाटकात आली. निपाणी-कागल, हुक्केरी-गडहिंग्लज, चिकोडी-इचलकरंजी, सगळीकडं हीच रीत. एरवी यात काही अडत नाही. आईचा रक्तगट निगेटिव्ह असला तर मात्र अडतं. आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन २८व्या आठवड्यात द्यायचं असतं आणि २८वा आठवडा म्हणजे नेमका ओटीभरणाचा सुमार. सासरच्या दवाखान्याला वाटतं माहेरी देतील, माहेरच्याला वाटतं सासरी दिलंच असेल. हा धागा मुख्यतः त्यासाठी काढला आहे. जाणकारांनी भर घालावी.

आधी मूळ गोष्ट. लाल पेशीवर डी नावाचं प्रथिन असलं की रक्त पॉझिटिव्ह, नसलं की निगेटिव्ह. भारतात साधारण शंभरात पाच जण निगेटिव्ह, युरोपी वंशाच्या लोकांत पंधरा. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असले तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. वार दोघांचं रक्त वेगळं ठेवते, पण बाळंतपणात, गर्भपातात किंवा पोटाला मार बसल्यावर बाळाचं थोडं रक्त आईकडं उतरतं. आईच्या शरीराला डी परका. पहिल्या खेपेला ते सावकाश जागं होतं. आधी आयजीएम जातीच्या अँटीबॉडी (परक्या पेशींवर चाल करणारी प्रथिनं) तयार होतात, त्या आकारानं मोठ्या, वारेतून पलीकडं जात नाहीत. मग आयजीजी. याला काही आठवडे ते सहा महिने लागतात, तोवर पहिलं मूल जन्मलेलं असतं आणि बहुधा सुटतं. शरीराची आठवण मात्र राहते. पुढच्या पॉझिटिव्ह गर्भाच्या वेळी थेंब-दोन थेंब रक्त पुरतं आणि थेट आयजीजीच उसळतात. आयजीजीला वार स्वतःच उचलून बाळाकडं पोचवते. आईची रोगप्रतिकारशक्ती बाळाला मिळावी म्हणून असलेली ही सोय इथं बाळावरच उलटते. लाल पेशी फुटतात, रक्त कमी होतं, हृदयावर ताण येतो आणि फार झालं तर बाळाच्या अंगाला पाणी चढून ते पोटातच दगावतं.

इंजेक्शन न घेतलेल्या आणि पॉझिटिव्ह बाळ झालेल्या निगेटिव्ह आयांत, आई-बाळाचा एबीओ गट जुळत असला तर शंभरात साधारण १६ जणींत अँटीबॉडी तयार होतात. बाळंतपणानंतर इंजेक्शन दिलं की हा आकडा एक-दोनवर येतो. २८व्या आठवड्यातही दिलं तर हजारात एक ते तीन.

निपाणीकर

लग्न जमवताना आमच्याकडं आता पत्रिकेबरोबर रक्तगटही बघतात. दोघांचा गट एकच असला तर मूल अधू होतं, असं सांगून स्थळं मोडलेली आहेत. याबद्दल कुणी स्पष्ट लिहाल का?

पेढीतला

निपाणीकर, हे साफ चुकीचं आहे. नवरा-बायको दोघं बी पॉझिटिव्ह किंवा दोघं ओ पॉझिटिव्ह असले तर या बाबतीत उलट काळजीच नाही. मामा-भाची, आते-मामे भावंडं यांच्या लग्नात मुलांना आनुवंशिक आजाराचा धोका वाढतो, तो नात्यामुळं. त्याची भीती लोकांनी उचलून रक्तगटावर चिकटवली आहे. आणि बायको निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह म्हणून स्थळ मोडायचंही कारण नाही. कारण १९६८पासून औषध आहे. त्याआधी अशा घरांत एकामागून एक मुलं जायची आणि दोष सुनेच्या पायगुणावर यायचा.

नवऱ्याचा गटही निगेटिव्ह असेल तर बाळ निगेटिव्हच होणार. पण त्यासाठी नवऱ्याचा गट प्रयोगशाळेत तपासलेला हवा. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा गट हा बहुतेक वेळा माणसानं फॉर्मवर स्वतः लिहिलेला असतो. त्यावर विसंबून इंजेक्शन टाळू नये.

आता कूम्ब्सबद्दल, कारण खरा घोळ तिथं होतो. इनडायरेक्ट कूम्ब्स, म्हणजे आयसीटी, ही चाचणी आईच्या रक्तात अँटीबॉडी आहेत का ते बघते. आईचं सीरम ओ पॉझिटिव्ह पेशींबरोबर ३७ अंशावर ठेवायचं, पेशी सलाईननं तीनदा-चारदा धुवायच्या, मग कूम्ब्स सीरम घालून फिरवायचं. धुणं कच्चं राहिलं की उरलेलं आईचं सीरम कूम्ब्स सीरमलाच खाऊन टाकतं आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. म्हणून निगेटिव्ह आलेल्या प्रत्येक नळीत शेवटी चेक सेल, म्हणजे आधीच अँटीबॉडी चढवलेल्या पेशी, घालायच्या. त्या गोळा झाल्या तरच तो निगेटिव्ह खरा. चेक सेल न वापरणाऱ्या लॅबचा निगेटिव्ह रिपोर्ट मी तरी धरणार नाही.

आयसीटी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २८व्या आठवड्यात, इंजेक्शनच्या आधी. इंजेक्शन म्हणजे तयार अँटी-डीच, म्हणजे डीविरुद्धची अँटीबॉडी. ते दिल्यावर आयसीटी हलकी पॉझिटिव्ह येणारच आणि पुढं बारा-एक आठवडे तशी राहू शकते.

मलप्रभेकाठी

पेढीतला यांचा शेवटचा मुद्दा सीमाभागात सगळ्यात महागात पडतो, म्हणून फोड करून सांगते.

चंदगडला २८व्या आठवड्यात इंजेक्शन दिलं. कार्डावर ते नोंदवलं नाही, किंवा नोंदवलं पण कार्ड सासरीच राहिलं. ३४व्या आठवड्यात खानापूरला नवीन तायी कार्ड (कर्नाटकाचं गरोदरपणाचं कार्ड) निघालं, नव्यानं तपासण्या झाल्या, आयसीटी पॉझिटिव्ह आली. आता तिथले लोक काय समजणार? हिच्या शरीरात अँटीबॉडी तयार झाल्या, आता अँटी-डी देऊन उपयोग नाही. तसं खरंच असतं तर उपयोग नसताच. पण इथल्या अँटीबॉडी इंजेक्शनातून आलेल्या, उसन्या. बाळ पॉझिटिव्ह जन्मतं, "आयसीटी पॉझिटिव्ह" या शब्दांवर बाळंतपणानंतरचा डोस रद्द होतो आणि पुढच्या गरोदरपणात खऱ्या अँटीबॉडी उभ्या राहतात. म्हणजे पहिलं इंजेक्शन दिलं गेलं, त्याची नोंद पोचली नाही, म्हणून दुसरं चुकलं.

फरक करायचा तर टायटर बघावं, म्हणजे सीरम किती पट पातळ केलं तरी चाचणी पॉझिटिव्ह येते तो आकडा. इंजेक्शनच्या अँटीबॉडींचं टायटर सहसा ४च्या वर जात नाही आणि महिन्यागणिक उतरत जातं, कारण आयजीजीचं अर्धं प्रमाण साधारण तीन आठवड्यांत ओसरतं. खऱ्या अँटीबॉडीचं टायटर टिकतं किंवा चढतं. शंका राहिली तर डोस द्यावा. नको असताना दिलेल्या डोसानं फारसं बिघडत नाही, हवा असताना चुकलेला परत मिळवता येत नाही.

अक्का_खानापूर

इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर लोकांसाठी लिहिते.

३०० मायक्रोग्रॅम म्हणजेच १५०० आययू. काही खोक्यांवर एक लिहिलेलं असतं, काहींवर दुसरं, गोंधळू नका. दीडशेचीही व्हायल मिळते, म्हणून फोडायच्या आधी आकडा मोठ्यानं वाचा. दंडाच्या स्नायूत द्यायचं. कुल्ल्यात दिलं आणि बाई अंगानं भरलेली असली तर औषध चरबीतच राहतं, रक्तात उशिरा आणि कमी पोचतं. बहुतेक व्हायली फक्त स्नायूत द्यायच्या असतात. शिरेतून चालणारी वेगळी असते, ते लेबलवरच बघायचं. आणि हे आईचं औषध आहे, बाळाला कधीच द्यायचं नाही. बाळ पॉझिटिव्ह असलं तर त्याच्याच पेशी फुटतील.

साठवण २ ते ८ अंशांवर. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकलेली व्हायल गोठते, आणि गोठलेली वितळवून वापरायची नसते. बेळगावहून घेऊन जांबोटी, कणकुंबीकडं न्यायची असेल तर लसीचा कॅरियर घ्या. आईसपॅक फ्रीजरमधून काढून लगेच आत ठेवू नका. घाम सुटू द्या, कानाशी धरून हलवा, आत पाणी वाजलं की मग ठेवा. व्हायल खोक्यातच राहू दे, बर्फाला थेट लागू नये. आगाऊ मागवायचं असेल तर पावसाळ्याचा विचार करून मागवा. त्या भागात जुलैत रस्ता कधी बंद पडेल नेम नाही आणि लाईट तर दोन-दोन दिवस नसते.

घटप्रभा

छान माहिती. एक विचारतो, बाळंतपणानंतरचे ७२ तास कुठून मोजायचे? आणि शनिवारी रात्री बाळंत झाली, लॅब सोमवारी उघडणार, अशा वेळी काय करावं?

अक्का_खानापूर

घटप्रभा अण्णा, बाळ जन्मल्या मिनिटापासून. बाळाचा गट कळत नसेल तर पॉझिटिव्ह धरून इंजेक्शन देऊन टाकायचं, लॅबची वाट बघायची नाही. ७२ तास उलटून गेले तरी सोडून देऊ नका. परिणाम कमी होतो, पण दहा दिवसांपर्यंत थोडाफार लाभ असतो आणि काही मार्गदर्शक सूचना २८ दिवसांपर्यंतही द्या म्हणतात. नसबंदी केली म्हणून टाळणारे असतात, तेही बरोबर नाही. शस्त्रक्रिया क्वचित फसते, आणि पुढं कधी रक्त चढवायची वेळ आली तर अँटीबॉडी आड येतात.

पेढीतला

डोस किती, याचा हिशेबही लिहून ठेवतो. ३०० मायक्रोग्रॅम हे बाळाच्या ३० मिली रक्ताला पुरतं, म्हणजे १५ मिली लाल पेशींना. बहुतेक बाळंतपणांत एवढंही रक्त उतरत नाही, त्यामुळं एक व्हायल भागते. पण सिझेरियन, जुळी, वार हातानं काढावी लागली, वार आधीच सुटली, पोटातच बाळ गेलं, अशा वेळी जास्त उतरलेलं असू शकतं. तिथं क्लाइहाउअर चाचणी करा. आईचं रक्त वार पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं, आणि इंजेक्शनच्या आधी, ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घ्यायचं. स्लाइड आम्लात धुतली की आईच्या पेशीतलं हिमोग्लोबिन निघून जातं आणि त्या भुतासारख्या फिकट दिसतात, बाळाच्या पेशी गडद गुलाबी उरतात. त्या मोजायच्या.

टक्का गुणिले ५० म्हणजे उतरलेलं रक्त मिलीत. समजा १.६ टक्के आलं, तर ८० मिली. भागिले ३०, म्हणजे २.६७. पाऊण-पावाचा आकडा जवळच्या पूर्णांकावर न्यायचा, म्हणजे ३, आणि वर एक वाढवायची. चार व्हायली. ही एक जादा व्हायल चैन नव्हे. चाचणी हातानं मोजायची असते, चूक होतेच.

आईला थॅलेसेमिया ट्रेट असेल तर तिच्याच काही पेशींत गर्भाचं हिमोग्लोबिन असतं आणि आकडा फुगतो. तेव्हा जमत असेल तर फ्लो सायटोमेट्री, म्हणजे यंत्रानं पेशी मोजणं.

चंदगडी

गर्भपाताचं काय? दोन महिन्यांत पडला तर इंजेक्शन घेत नाहीत लोक.

मलप्रभेकाठी

बारा आठवड्यांच्या आत ५० मायक्रोग्रॅम पुरतं, त्यानंतर पूर्ण ३००. इतक्या लवकरच्या गर्भपातात ते हवंच का, यावर एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२च्या सूचनांत बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताला अँटी-डी नको असं म्हटलं आहे. आपल्याकडचे बरेच स्त्रीरोगतज्ज्ञ अजून देतात. माझं मत, आपल्या भागात आठवडे अंदाजानं मोजलेले असतात, सोनोग्राफी नसते, गोळ्या परस्पर दुकानातून आणलेल्या असतात. म्हणून द्यावं. गर्भनलिकेत अडकलेला गर्भ, द्राक्षगर्भ, पोटातून पाणी काढण्याची तपासणी, मोटरसायकलवरून पडणं, म्हशीची लाथ पोटात बसणं, मधल्या महिन्यांत अंगावर जाणं, हे सगळे डोसाचे प्रसंग आहेत. २८व्या आठवड्यात दिलं असलं तरी.

नवजात

बाळाच्या बाजूनं लिहितो.

जन्मल्याबरोबर नाळेचं रक्त घ्या. ईडीटीएत गट, डायरेक्ट कूम्ब्स (बाळाच्या पेशींवर अँटीबॉडी चिकटल्या आहेत का ते बघणारी चाचणी) आणि हिमोग्लोबिन, साध्या नळीत बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य. नाळ पिळून रक्त काढू नका. नाळेतला चिकट गर, व्हार्टन्स जेली, पेशींना लागला की त्या आपोआप गोळा होतात आणि गट चुकतो. नाळ पुसून शिरेत सुई घालून ओढा. लॅबला "नाळेचं रक्त" असं लिहून द्या, ते पेशी जास्त वेळा धुतील.

आणखी एक फसवणूक आहे. आईच्या अँटीबॉडी फार असल्या तर बाळाच्या पेशींवरच्या डीच्या सगळ्या जागा आधीच भरलेल्या असतात. मग अभिकर्मकाला चिकटायला जागा उरत नाही आणि पॉझिटिव्ह बाळ निगेटिव्ह दिसतं. डायरेक्ट कूम्ब्स जोरदार पॉझिटिव्ह आणि गट निगेटिव्ह, असा रिपोर्ट आला की तो गट खरा मानू नका.

पोटात असताना बिलिरुबिन वारेतून आईकडं जातं, म्हणून बाळ जन्मताना पिवळं नसतं. काही तासांत पिवळं पडतं. पहिल्या २४ तासांतली कावीळ कधीही साधी नसते. कोवळ्या उन्हात धरणं हा तिच्यावर उपचार नव्हे, त्यात वेळ जातो. निळ्या दिव्याखाली बाळ उघडं ठेवायचं, डोळे झाकायचे, अंगावरचं दूध चालू ठेवायचं, बिलिरुबिन दर चार-सहा तासांनी बघायचं. दिव्याखाली असूनही तासाला अर्धा मिलिग्रॅम किंवा जास्त चढत असेल तर रक्त बदलण्याची तयारी. त्याला बाळाच्या रक्ताच्या दुप्पट, किलोमागं साधारण १६० मिली. तीन किलोच्या बाळाला ४८० मिली, ओ निगेटिव्ह, आईच्या सीरमशी जुळवलेलं.

कावीळ उतरली म्हणजे संपलं असंही नाही. आईच्या अँटीबॉडी बाळाच्या अंगात महिने राहतात आणि पेशी फोडत राहतात. दोन ते सहा आठवड्यांत बाळ फिकट पडतं, दूध ओढताना दमतं. तेव्हा तीन महिन्यांचं होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिन करा. बाराव्याच्या बारशाच्या गर्दीत हे राहून जातं.

निपाणीकर

आई ओ पॉझिटिव्ह आणि बाळ ए किंवा बी, तरी पहिल्याच बाळाला कावीळ होते असं ऐकलं. मग त्यालाही इंजेक्शन आहे का?

नवजात

नाही. अँटी-ए, अँटी-बी जन्मानंतरच आहारातून-जंतूंतून आपोआप तयार होतात, आधी बाळंतपण लागत नाही. ओ गटाच्या आयांत त्यातल्या काही आयजीजी असतात, म्हणून पहिल्या बाळालाही त्रास होऊ शकतो. पण बाळाच्या पेशींवर ए-बी अजून कच्चे असतात आणि इतर ऊतकांवरही असतात, त्यामुळं मारा विभागला जातो. बहुतेक बाळं दिव्यावर बरी होतात. डायरेक्ट कूम्ब्स हलकी पॉझिटिव्ह किंवा चक्क निगेटिव्ह येते.

उलट गंमत अशी की एबीओ न जुळणं हे आरएचच्या बाबतीत रक्षण करतं. आईकडं उतरलेल्या बाळाच्या पेशी अँटी-ए-बी आधीच संपवतात, डी ओळखायला वेळच मिळत नाही. वर जो सोळाचा आकडा आहे तो अशा जोड्यांत दोनच्या आसपास येतो. तरी इंजेक्शन द्यायचंच.

पेढीतला

याच ओघात बॉम्बे गट. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलेला हा गट आपल्या पट्ट्यात इतर देशांपेक्षा जास्त सापडतो. साध्या स्लाइड चाचणीत तो ओ दिसतो. पण या लोकांच्या सीरममध्ये अँटी-एच असतं आणि ते ओ पेशींनाही गोळा करतं. म्हणून गरोदर बाईचा गट ठरवताना उलटी तपासणी हवी, म्हणजे तिचं सीरम ए, बी आणि ओ पेशींबरोबर. आयसीटीत ओ पेशी गोळा झाल्या म्हणून अँटी-डी समजून बसू नका, ते अँटी-एचही असू शकतं. बाळंतपणात रक्तस्राव झाला तर अशा बाईला ओ निगेटिव्हसुद्धा चालत नाही, फक्त बॉम्बेचंच लागतं. तो दाता बाळंतपणाच्या आधीच शोधून ठेवायचा.

एका ठिकाणी पॉझिटिव्ह आणि दुसरीकडं निगेटिव्ह असा रिपोर्ट आला तर कुणीतरी चुकलंच असं नाही. डी दुबळा असू शकतो. अशी व्यक्ती रक्तदाता म्हणून पॉझिटिव्ह धरतात, रुग्ण म्हणून बहुधा निगेटिव्ह. उलगडा होईपर्यंत गरोदर बाईला निगेटिव्ह धरून इंजेक्शन द्यायचं.

चंदगडी

आणि टायटर खरंच वाढलेलं असेल तर?

मलप्रभेकाठी

मग अँटी-डी बंद, निगराणी सुरू. दर चार आठवड्यांनी टायटर, २८ आठवड्यांनंतर दर दोन. एकाच लॅबमध्ये, आणि मागचा नमुना ठेवून त्याच्याबरोबर. बेळगावचा ८ आणि कोल्हापूरचा १६ यांची तुलना करू नये, तंत्र बदललं की एक नळी (म्हणजे दुप्पट किंवा निम्मं) मागंपुढं होतेच. दोन नळ्यांनी चढलं तर ती खरी वाढ. १६ला पोचलं (काही लॅबमध्ये ३२) की बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा डॉपलर (रक्ताचा वेग बघणारी सोनोग्राफी), दर एक-दोन आठवड्यांनी. रक्त पातळ झालं की ते जोरात धावतं. वेग त्या आठवड्याच्या सरासरीच्या दीडपट झाला तर बाळाला पोटातच रक्त द्यावं लागतं आणि ते फीटल मेडिसिनच्या (पोटातल्या बाळावर उपचार करणाऱ्या) मोठ्या केंद्रातच होतं. आधीच्या खेपेला बाळ सुजून गेलं असेल तर टायटरची वाट न बघता सोळा-अठरा आठवड्यांपासूनच डॉपलर. अँटीबॉडी डीऐवजी केल या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची (अँटी-केल) असेल तर टायटर कमी असूनही बाळ फिकट पडू शकतं, कारण ती नवीन रक्त तयार होणंच थांबवते.

अक्का_खानापूर

कार्डाचं तेवढं पक्कं करूया. महाराष्ट्राचं माता-बाल संरक्षण कार्ड मराठीत, आपलं तायी कार्ड कन्नडमध्ये. तिकडच्या सिस्टरला "रक्तद गुंपू" म्हणजे रक्तगट हे कळेलच असं नाही. म्हणून दोन्ही कार्डांच्या पहिल्या पानावर लाल शाईनं, मराठीत-कन्नडमध्ये दोन्ही, चार ओळी लिहून घ्या. गट. आयसीटीची तारीख आणि निकाल, इंजेक्शनच्या आधीची का नंतरची ते. इंजेक्शनची तारीख, मायक्रोग्रॅम, बॅच नंबर. नवऱ्याचा गट आणि तो कुठल्या लॅबचा. व्हायलचं लेबल निघत असेल तर तेच चिकटवा. ओटीच्या सामानात ही दोन कार्डं गेलीच पाहिजेत. सासूबाईंना सांगून ठेवलं की त्या विसरत नाहीत, हे खरंच उपयोगी पडतं. महिन्याच्या ९ तारखेची मातृत्व अभियानाची तपासणी दोन्ही राज्यांत असते, तिथं कार्डावर लाल स्टिकर मागून घ्या.

नवजात

एक राहिलं. बाळ पिवळं पडलं आणि १०८नं बेळगावला किंवा कोल्हापूरला पाठवलं, तर आई सिझेरियनची म्हणून इथंच राहते. तिथं रक्त जुळवायला आईचं सीरम लागतं. बाळासोबत आईचं रक्त पाठवा, साध्या नळीत ५ मिली आणि ईडीटीएत ३ मिली, दोन्हीवर आईचं नाव, तारीख, वेळ. नळ्या बर्फात नकोत, स्टँडमध्ये उभ्या, आणि कार्डाचा फोटो वडिलांच्या मोबाईलवर. नाहीतर तिकडून फोन येतो आणि रात्री दोन वाजता कुणीतरी आईचं रक्त घेऊन पुन्हा हायवेला लागतं.